शेप्याची कोय

अब्दुल गनी पांढरकवड्याच्या एका जिनात फिटर होता. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायचा कारखाना. तिथल्या यंत्रात चामड्याचा रूळ फिरतो आणि त्याला लागून लोखंडी सुरी असते. सुरी रुळाला जास्त टेकली की चामडं जळतं. कमी टेकली की रुईत सरकी जाते. ही फट गनी नखाने तपासायचा आणि मनासारखी नसली की कसलेले सगळे बोल्ट पुन्हा सोडायचा. हाताखालचा कोणी ‘चालते ना, मिस्त्री’ म्हणाला, तर तो म्हणायचा, "गाढवही चालते."

उन्हाळ्यात जिन बंद असायचं. त्या दिवसांत यंत्रं उघडून साफ करायची, झिजलेलं बदलायचं, एवढंच काम. आणि त्याच दिवसांत, आंबे उतरले की, गनीच्या दोस्तांची रसाची पंगत बसायची. जिनच्या आवारात गनीची खोली होती, खोलीपुढे निंबाचं झाड होतं. ऊन उतरलं की त्या निंबाखाली सतरंजी पडायची.

दोस्त तिघे. सदाशिवराव गावाला लागून शेती असलेले, वयाने सगळ्यांत मोठे. मारोतराव हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा आणि त्याच्या बोलण्याला ब्रेक नव्हता. हाफिजचं सायकलचं दुकान होतं. तो बोलायचा कमी आणि खायचा मन लावून. दारू, पत्ते, तमाशा यांतलं काही या चौघांना नव्हतं. त्यांना नाद एकच, गावरान आंब्याचा. कोणत्या शेतातल्या कोणत्या झाडाचा आंबा कसा, यावर ते वर्षभर भांडू शकत.

पंगतीला कायदे होते. ज्याने त्याने आपल्या माहितीतल्या एका झाडाचे आंबे आणायचे. रस गनीची बायको सुग्राबी आत बसून काढायची आणि कोणाचा कोणता ते न सांगता वाढायची. पोळ्या आणि कुरड्या सदाशिवरावांच्या लीलाबाई पाठवायच्या. हे वाटप कसं ठरलं ते कोणी कधी बोललं नव्हतं. रसात साखर नाही, तूप नाही, दूध नाही, काहीच नाही. आधी नुसता रस वाटीने प्यायचा आणि झाड ओळखायचं. दोन रसांच्या मध्ये मूठभर फुटाणे खायचे आणि पाण्याने चूळ भरायची, म्हणजे पहिल्याची चव दुसऱ्याला लागत नाही. सगळे चाखून झाले की मग पोळीशी जेवण. शेवटचा कायदा असा, की नव्या झाडाचं नाव या पंगतीत ठरायचं आणि ज्याच्या मूळ झाडाची ती कोय, त्याने ते ठेवायचं.

सगळ्यांत नावाजलेलं झाड सदाशिवरावांचं होतं. त्याचं नाव शेप्या. रस आधी गोड लागायचा, साधाच. गिळल्यावर घशातून नाकात बडीशेपेसारखा वास चढायचा. मारोतराव म्हणायचा, हा आंबा खाल्ल्यावर पान खायची गरज नाही.

छप्पन साली पंगत उठल्यावर सगळ्यांनी कोया उकिरड्यावर टाकल्या. गनीने शेप्याची एक कोय धुऊन खिशात घातली. सदाशिवरावांनी ते पाहिलं आणि हसले. कोयीचं झाड आईवर जाईल याची खात्री नसते, हे सगळ्या शेतकऱ्यांना ठाऊक असतं. गनीलाही ठाऊक होतं. तो म्हणाला, मेहनत नीट घेतली तर कायले नाही जाणार?

आणि मेहनत त्याने घेतली. कोय आधी तेलाच्या फुटक्या डब्यात लावली. रोप हातभर झाल्यावर इंजिनघराच्या मागे खड्डा खणला. खालची मुरूम माती काढून टाकली, तळ्याची गाळाची माती डोक्यावर आणली, त्यात कुजलेली सरकी मिसळली. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. बकऱ्यांनी ते दोनदा फोडलं, त्याने दोनदा नवं केलं. पाणी बॉयलरचं मिळायचं, पण गरम. ते रात्रभर पिंपात निववायचं आणि सकाळी भोंग्याआधी डब्याने घालायचं. त्याच्या आजारात सुग्राबीने घातलं; पण तो खाटेवरून विचारायचा, बुडाशी घातलं की आळ्याच्या कडेने? पाणी कडेने घालायचं असतं, मुळ्या तिकडे जातात. पुढे झाडाला पहिला मोहोर आला तेव्हा त्याने तो सगळा खुडून टाकला. दुसऱ्या वर्षीचाही खुडला. कोवळ्या झाडाला फळ धरू दिलं तर झाड खंगतं. लोक त्याला वेडा म्हणाले. त्याने ऐकून घेतलं.

मधल्या काळात, बासष्टच्या वादळात, शेप्या मुळासकट उन्मळून पडला.

त्यानंतर सदाशिवराव पंगतीला रिकाम्या हाताने यायला लागले. यायचे, चाखायचे, झाड बरोबर ओळखायचे, पण बोलायचे नाहीत. आधी हाच माणूस एका वाटीवरून मारोतरावाशी तासभर वाद घालायचा. चौसष्टच्या पंगतीनंतर वहाणा घालताना ते गनीला म्हणाले, "पुढच्या साली माह्यी वाट नोको पाहू, गनीभाई. आता माह्यं काय हाय इथं?"

इंजिनघराच्या मागचं झाड त्या वेळी छपराच्या वर गेलेलं होतं. पुढच्या साली मोहोर ठेवायचा, हे गनीने तिथंच ठरवलं. शेप्या परत आला तर सदाशिवरावही येतील, एवढा साधा त्याचा हिशोब होता.

पासष्टच्या उन्हाळ्यात झाडाला आंबे लागले. फार नाही, टोपलीभर. गनीने एकही खाली पडू दिला नाही. जाळीच्या झेल्याने देठासकट उतरवले. देठाचा चीक निथळू दिला, मग धुऊन पुसून गवताची आढी लावली. रोज एकेक आंबा हातात घेऊन फिरवला. सदाशिवरावांच्या घरी तो स्वतः गेला आणि म्हणाला, तुमच्या कोयीचं झाड फळलं हाय, नाव तुमालेच ठेवा लागते. कायदा तुमचाच. सदाशिवराव बराच वेळ सुपारी कातरत राहिले. शेवटी म्हणाले, येतो.

पंगतीच्या सकाळी आढीतला पहिला पिकलेला आंबा गनीने घोळला, तोंड कापलं आणि चोखला. गोड होता. रेषा होत्या, पण मऊ. त्याने गिळला आणि वाट पाहिली. नाकात काही चढलं नाही. जिभेच्या शेवटाला बारीक तिखट काहीतरी लागलं, एवढंच. त्याने दुसरा चोखला. तोही तसाच. बडीशेपेचा मागमूस नव्हता.

तो बराच वेळ उंबऱ्यावर बसला. मग उठून किराण्याच्या दुकानात गेला आणि सोप घेऊन आला. बडीशेपेला आमच्याकडे सोप म्हणतात. ती त्याने खलात कुटली, पाण्यात भिजवली आणि फडक्यातून गाळली. सुग्राबी रस काढत होती. तिने हात थांबवले. नवऱ्याच्या हातातल्या वाटीचा वास तिला आला होता. तिने एकच विचारलं, "जिनमध्ये असं करसान काय तुमी?"

गनीने ते पाणी रसात ओतलं आणि ढवळलं. जिनमध्ये त्याने तसं कधीच केलं नसतं. इतक्या वर्षांचं काम चोख आणि शेवटच्या अर्ध्या तासात चोरी. हे त्यालाही कळत होतं. म्हणून ढवळताना तो बायकोकडे बघत नव्हता.

ऊन उतरल्यावर सगळे आले. सदाशिवराव पांढरं धोतर नेसून आले होते. लीलाबाईंनी पोळ्यांचा डबा, वर कुरड्या, असं पाठवलं होतं. मारोतरावाने मारेगावच्या सासरवाडीहून आंबे आणले होते, हाफिजने राळेगावच्या एसटीवरून पोतं उतरवून घेतलं होतं. मारोतरावाने बसता बसता हाफिजला छेडलं, की तुह्ये आंबे पंक्चरच्या टबात टाकून पाह्यले काय, फुगे येतात काय ते? हाफिज म्हणाला, तुह्या सासऱ्यापेक्षा गोड हायेत. यावर सदाशिवरावही हसले.

पहिली वाटी आली. सदाशिवरावांनी जिभेवर फिरवली आणि सांगितलं, मारोतरावाच्या सासऱ्याचा खोबऱ्या. बरोबर होतं. फुटाणे, चूळ. दुसरी वाटी हाफिजचा शेंदऱ्या, हेही त्यांनीच आधी ओळखलं. पुन्हा फुटाणे, चूळ. मग सुग्राबीने तिसरा रस वाढला आणि लगेच आत निघून गेली.

मारोतरावाने एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. "शेप्या," तो म्हणाला. नेहमीसारखा मोठ्याने नाही, हळूच. हाफिजने डोळे मिटून मान डोलावली. दोघांच्या तोंडावर एवढा आनंद होता की गनीला खाली बघावं लागलं.

सदाशिवरावांनी वाटी नाकाशी नेली. मग घोट घेतला. दुसरा घेतला. वाटी रिकामी केली, थेंबसुद्धा ठेवला नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी फुटाणे खाल्ले, चूळ भरली आणि म्हणाले, "झाड पाह्यल्याशिवाय मी नाव ठेवत नाई. चाल गनीभाई, दाखव. एक आंबा घे संगं."

गनीने आढीतला एक आंबा घेतला. दोघे इंजिनघराच्या मागे गेले. सदाशिवरावांनी झाडाभोवती एक फेरी मारली. बुंध्याला हात लावला. आळं बघितलं. आळ्याची कड सारखी होती, माती भुसभुशीत होती, एक तण नव्हतं. मग त्यांनी आंबा घोळला, देठ काढला, पहिला थेंब पिळून जमिनीवर टाकला आणि तिथंच उभ्याने चोखला. घाई केली नाही. कोय बाहेर काढून तीही चोखली.

"शेप्याचा वास गिळल्यावर येत होता," ते म्हणाले. "तुह्या वाटीत आधी वास आला, मंग गोडी. किती सोप घातली?"

"मूठभर."

"काहून पण?"

गनी काट्याच्या कुंपणाकडे बघत होता. "शेप्या नाई निंगाला तं तुमी येणं बंद करसान म्हून."

सदाशिवराव कोय हातात फिरवत राहिले. रेषा दाबून त्यांनी उरलासुरला रस काढला आणि पुन्हा जिभेवर घेतला. मग म्हणाले, "हे शेवटी तिखट लागते ते तुले लागलं काय?"

"लागलं. सकाळीच लागलं. मले वाटलं, खोट हाय."

"खोट कायची? मिऱ्यावानी हाय. असा आंबा मी खाल्ला नवता." त्यांनी झाडाकडे वर बघितलं. "आन तू त्याच्यावर सोप ओतली. याच्यासाठी पाणी निववत होता काय?"

गनीला आयुष्यात मालकाने, मॅनेजरने कधी कामावरून बोल लावला नव्हता. हा पहिला होता, आणि खरा होता. तो परत निंबाखाली आला आणि उभ्यानेच दोघांना सांगितलं, की तिसऱ्या रसात त्याने सोप घातली होती, झाड शेप्या नाही. हाफिजने वाटीत बघितलं. मारोतराव क्षणभर गप्प राहिला, आणि तो गप्प राहणं हीच शिक्षा होती. मग म्हणाला, "बापा, मी ट्रकमधल्या डिझलात रॉकेल घालणारे पाह्यले, पण आंब्यात सोप घालणारा फिटर आजच पाह्यला." सदाशिवराव आधी हसले. मग हाफिज. गनी हसला नाही, पण बसला.

सुग्राबी आतून आली. तिच्या हातात दुसरं पातेलं होतं. गनी सोप कुटत असतानाच तिने अर्धा रस बाजूला काढून झाकून ठेवला होता. तिने तो वाढला. फुटाणे आणि चूळ पुन्हा सगळ्यांनी केली, कारण कायदा तो कायदा. जो तो शेवटच्या तिखटाची वाट बघत होता. हाफिजला ते आधी लागलं, त्याने बोट वर केलं. मारोतरावाने तिसऱ्यांदा वाटी पुढे केल्यावर सदाशिवरावांनी त्याचा हात अडवला, म्हणाले, चाखाले बसलो आपण, टाकी भराले नाई.

नाव त्यांनी मिऱ्या ठेवलं. मग यावर वाद सुरू झाला. मारोतराव म्हणाला, तिखट मिऱ्याचं नाही, आल्याचं आहे. सदाशिवराव म्हणाले, तुले आल्यात आन मिऱ्यात फरक समजत नाई, तू ट्रकच चालव. पोळ्या वाढल्या गेल्या, कुरड्या मोडल्या गेल्या, वाद चालू राहिला. गनी ऐकत जेवत होता. सदाशिवरावांचा आवाज एवढा चढलेला त्याने वादळानंतर पहिल्यांदाच ऐकला.

निघताना सदाशिवरावांनी ती चोखलेली कोय धुतली, फडक्याने पुसली आणि धोतराच्या सोग्यात बांधली. वहाणा घालता घालता विचारलं, "शेप्या जिथं होता तिथं लावतो. तिथली माती काळी हाय. पाणी बुडाशी घालू की कडेनं?"

"कडेनं," गनी म्हणाला. "आन पहिले दोन मोहोर खुडा लागतीन."

"म्हंजे आठ-नऊ साल गेले."

"जातीन."

"मंग तवरोक तुह्याच झाडाचा खाले यावा लागते," सदाशिवराव म्हणाले आणि फाटकाकडे चालायला लागले.

गनी परत आला. सोप घातलेल्या रसाचं पातेलं तसंच पडलं होतं. त्याने ते उचललं, नालीत ओतलं आणि राख घेऊन घासायला बसला. सुग्राबी म्हणाली, ठेवा, सकाळी घासीन मी. त्याने ऐकलं नाही. वास जाईपर्यंत तो पातेलं घासत राहिला.