नारळ वाजवून, घर चहावर

रस्त्याकडेच्या दुकानात आमचे हे नारळ निवडत होते. एकेक उचलून कानाशी हलवायचे, बोटाने वाजवून बघायचे आणि नाक मुरडून परत ठेवायचे. दुकानदार कंटाळला, तरी यांचं समाधान होईना. गाडीत बसून ते बघताना माझं डोकं तापत होतं.

कारण ज्या जुन्या घराचा सौदा पक्का करायला हा नारळ हवा होता, ते घर यांनी तासाभरापूर्वी नुसतं वरवरच पाहिलं होतं. सौद्याआधी एखाद्या इंजिनिअरला आणू, तो वाशांची वाळवी आणि भिंतींची ओल तपासेल, असं मी महिनाभर सांगत होते. पण घरमालकीणबाईंनी आलं घातलेला चहा दिला आणि तो प्यायल्यावर यांना इंजिनिअरचा विषय काढणं उद्धटपणाचं वाटलं.

"माणसं चांगली आहेत गं," एवढंच म्हणाले.

चांगलीच आहेत. पण ती जाणार, आणि त्यांचे वासे आमच्या डोक्यावर राहणार. आपल्याकडे घर बघणं म्हणजे स्थळ बघणंच. पोह्यांचं कौतुक करायचं, माणसांना हसून नमस्कार करायचा, आणि परवाच दिलेल्या रंगाखाली काय आहे ते विचारायची लाज वाटून घ्यायची.

शेवटी हे एक नारळ घेऊन आले आणि माझ्या कानाशी हलवत म्हणाले, "पाणी कसं भरलंय, ऐक."

"भिंतींतही भरलं असेल," मी म्हणाले. "ते कोण ऐकणार?"

यांनी नारळ माझ्या कानापासून खाली घेतला. मग हळूच म्हणाले, "पण त्यांना काय वाटेल?"