मीरा रोडचं ब्रेक मंडळ

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. कपाटावर रिकामे डबे साचतात ना, तसे साचतात. एक काढायला जावं तर चार अंगावर येतात! माझे सगळे डबे एकाच गाडीचे.

नव्वद सालाच्या आसपास आम्ही गिरगावातली खोली सोडून मीरा रोडला फ्लॅट घेतला. आमच्या ह्यांनी हौसेनं सेकंडहँड गाडी आणली, वर्षभर चालवली, आणि एका सकाळी छातीत दुखतंय म्हणाले ते गेलेच. मुलगी इंदूरला. गिरगावात दुपारी नुसतं दार लोटलं तरी कोणीतरी विचारायचं, "बरं नाही का गं?" इथे बेल वाजली की समजायचं, धोबी आला! सगळे म्हणाले, गाडी विकून टाक. विकते कसली? मोटार स्कूलला नाव घातलं, त्या वयात!

*

त्या गाडीचा ब्रेक असा किंचाळायचा की विचारू नका. आमच्या बिल्डिंगला तेव्हा पाण्याचा टँकर यायचा, त्याचाही ब्रेक अगदी तस्साच. मी बाजारातून येऊन गेटशी ब्रेक मारला, तर चारही मजल्यांवरच्या बायका हंडे-बादल्या घेऊन धावत खाली! मी भाजीची पिशवी सावरत उतरले.

"अहो, तुम्ही? आणि पाणी कुठंय?"

म्हटलं, "रेडिएटरमध्ये आहे. देऊ का तांब्याभर?"

असं तीन-चारदा झाल्यावर बायका शहाण्या झाल्या. मग एकदा खराच टँकर आला. किंचाळला. कोणी जागचं हललं नाही. "त्याच असतील, दुसऱ्या मजल्यावरच्या!" टँकरवाला वाट बघून भरला टँकर परत घेऊन गेला.

त्या संध्याकाळी माझी बेल वाजली आणि दारात धोबी नव्हता!

तिघं उभे होते. सावंत, बँकेतून रिटायर झालेले, दोन्ही मुलं दुबईला. कांबळे, सरकारी नोकरीत, बदलीवर आलेले, बायको-पोरं लातूरला. आणि कापडवाले शाहभाई. त्यांचं घर सुना-नातवंडांनी भरलेलं, पण त्यांच्याशी बोलायला कोणाला वेळ नाही.

"वहिनी," सावंत म्हणाले, "ह्या ब्रेकाचा कायतरी करूक व्हया."

रविवारी सकाळी बघू, असं ठरलं. मी पोहे केले. झालं, आमचं ब्रेक मंडळ सुरू!

*

पहिला प्रश्न, आवाज कुठल्या चाकाचा? मी कंपाउंडात गाडी हळूहळू चालवतेय, मधूनच ब्रेक दाबतेय, आणि तिघं तीन चाकांशेजारी कंबरेत वाकून, कान लावून चालतायत. चौथ्या चाकाला वॉचमन. वरून कोणीतरी ओरडलं, "काही हरवलंय का?"

तासाभरानं निकाल लागला. सावंत म्हणाले, पुढचं उजवं. कांबळे म्हणाले, मागचं डावं. शाहभाईंनी रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "चारों!"

*

सावंतांचं म्हणणं, दार करकरलं की आपण काय करतो? तेल घालतो! माझ्या शिलाई मशीनच्या तेलाची कुपी त्यांनी चाकात रिकामी केली. मला काय माहीत! मी गाडी काढली, गेटशी ब्रेक दाबला. गाडी थांबेचना! समोर बिल्डरच्या वाळूचा ढीग होता म्हणून वाचलो. नाक वाळूत खुपसून गाडी उभी, वायपरवर वाळू, आणि सावंत शेजारून शांतपणे म्हणतात, "वहिनी, आवाज गेला की नाही?"

तेल प्यायलेले ब्रेकचे लायनर फेकून नवे टाकले. नवे आणखी जोरात किंचाळायला लागले.

*

मग कांबळेंनी चाक खोललं. पेपर पसरून एकेक भाग ओळीनं मांडला, अगदी रुखवतासारखा. परत जोडलं तर एक स्प्रिंग उरली. कांबळे ती उजेडात धरून म्हणाले, "ताई, येक जादाची दिली आसंल!"

पुढच्या रविवारी पुन्हा खोललं. तेव्हा दोन उरल्या! महिनाभर गाडी जागची हलली नाही. रविवार मात्र एकही चुकला नाही.

*

एका रविवारी कोणीच आलं नाही. सावंतांना ताप, कांबळे गावाला, शाहभाई लग्नाला. कारणं तिन्ही खरी. पण मी पोहे भिजवून, चार कप मांडून बसले होते. दुपारपर्यंत माझ्याशी एक माणूस बोललं नाही. ते भिजलेले पोहे बघून मला रडू आलं, आणि मग भयंकर राग!

सोमवारी ऑफिसला सुट्टी टाकली. इतके महिने बघत होते, मला काय येत नव्हतं? नट सैल केले, बाकीच्या चाकांना विटा लावल्या, गाडी जॅकवर घेतली, चाक उतरवून ब्रेकचा ड्रम काढला. आत ही काळी धूळ! ओल्या फडक्यानं पुसली. लायनर काचेसारखा गुळगुळीत झालेला, तो पॉलिश पेपरनं घासला. मागच्या पत्र्यावर ब्रेकचा शू जिथे घासतो तिथे बोटभर ग्रीस, लायनरला थेंबसुद्धा नाही. चारही चाकं केली. स्प्रिंग एकही उरली नाही!

बाजारापर्यंत जाऊन आले. गेटशी ब्रेक दाबला. काही नाही. गाडी मुकाट उभी राहिली. एकही खिडकी उघडली नाही, कोणी डोकावलं नाही, कोणी म्हणालं नाही, "त्याच असतील." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी काय करून बसले. आता रविवारी कोण कशाला येईल?

आठवडाभर धड जेवले नाही.

*

रविवारी तिघंही आले. पोहे झाले. सावंत म्हणाले, "चला, एक ट्रायल." सावंत माझ्या शेजारी, बाकी दोघं मागे. मिठागरांकडच्या रिकाम्या रस्त्यावर मी ब्रेक दाबला.

हूं नाही की चूं नाही.

मी पुन्हा गाडी पळवली, पुन्हा दाबला, चांगला जोरात. काही नाही. आरशात बघितलं तर शाहभाई स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

सावंतांनी खाकरून घसा साफ केला. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "येतोय हां अजून."

"येतोय की," कांबळे घाईघाईनं म्हणाले. "मागच्या डाव्यातून!"

शाहभाईंनी रुमाल काढला, मान पुसली.

"चारों!"

मी गाडी वळवली. म्हटलं, "मग पुढच्या रविवारी पोहेच करू, की उपमा?"