माळवदाखालची झोप

"मिलिंद गेले," असं त्याच्या कार्यालयातून फोनवर कुणीतरी सांगितलं, तेव्हा मी आधी विचारलं, "भूकंप झाला का हो?" हसू नका. तो दुसऱ्या कशानं मरेल, अशी माझी तयारीच नव्हती. गुलबर्ग्यात, कार्यालयासमोरच्या हॉटेलात चहा पिता पिता त्याचं हृदय बंद पडलं... आणि वर छत हलक्या पत्र्याचं. त्याच्या मते अगदी सुरक्षित जागा!

संतपूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढं तो इंजिनिअर झाला आणि जगभरातल्या भूकंपाच्या धोक्याचा नकाशा करणाऱ्यांत जाऊन मिळाला. कुठलं घर कशाचं, रात्री त्यात किती माणसं झोपतात, जमीन हलली तर किती उठतील... असला नकाशा. आमच्या भागाचं काम त्याच्याकडे. लग्नाच्या पंगतीत बसण्याआधी हा गडी भिंतीवर टकटक करून बघायचा. स्वतःसाठी मुलगी पाहायला गेला, तर सारा वेळ नजर वर. बाहेर आल्यावर विचारलं, "कशी वाटली?" म्हणाला, "भिंती दगडमातीच्या, वर वजन लई. पडणार." ते लग्न जमलं नाही. पुढं कुठलंच नाही.

जीव सगळा आईत. आम्ही तिला आक्का म्हणायचो. नोकरी लागताच त्यानं तिला लोखंड-सिमेंटचं घर बांधून दिलं. आक्कानं ते कौतुकानं घेतलं, आणि त्यात सोयाबीनची पोती रचली. झोपायला जुनं माळवदच : दगडमातीच्या भिंती, वर लाकडांवर मातीचं जाड छत, गार. साऱ्या गावाचं तसंच : नव्या घरात पोती, दगडाखाली माणसं. आणि माळवद गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी वर मातीचा नवा थर, जुना न काढता.

कार्यालयानं नवी घरं मोजून नकाशात गावाला धोका नसल्याचा हिरवा रंग दिला. मिलिंद तावातावानं भांडला, "पोती वाचतील साहेब, माणसं न्हाई!" रंग बदलवून घेतला आणि ऐटीत मोबाइलवर आईला दाखवला.

"आई, जगाच्या नकाशात आपलं गाव बघ."

"बरं दिसायलंय. कुणी काढलं?"

"म्याच."

"मग तांबडं कामून काढलास? हिरवं काढायचं की!"

दर उन्हाळ्यात तो खोरं घेऊन माळवदावर चढायचा आणि माती खाली ओढायचा. आक्का अंगणातून ओरडायची, "मला उघड्यावर टाकायलास व्हय रं?" तो गुलबर्ग्याला पोचेपर्यंत माती परत वर गेलेली असायची.

तो गेल्यावर गावात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्याला त्याचे साहेबलोक आले. बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून सगळे जुन्या घरात बसले. एक जण भिंतीला टेकून म्हणाला, "इथं बरं गार आहे." मला हसू फुटलं. लोकांना वाटलं, मी रडतोय... तेही खरंच होतं.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो. आक्का माळवदाखालीच बसलेली. घरभर ओल्या मातीचा वास.

"आक्का, निदान त्याच्यासाठी तरी नव्या घरात झोप की."

तिनं वर माळवदाकडं बोट केलं.

"ह्या साली दोन थर टाकून घेतले बाबा. म्हटलं, आता तरी भांडायला येईल..."