भरलं वजन, रिकामं वजन

इसम नामे बुद्धघोष भानुदास मखरे, वय सत्तावीस, राहणार डाळज, तालुका इंदापूर, शिक्षण पदविका, बांधा सडपातळ, हुद्दा संगणक चालक (हंगामी), नेमणूक ऊस वजनकाटा विभाग, वर्तणूक समाधानकारक, ओळखीची खूण, फोन वाजला की उभा राहतो.

कारखाना सहकारी होता आणि काट्यावरचा संगणक एकच. त्यावर लिनक्स होते, कारण ते फुकट होते. संचालक मंडळाने विचारात घेतलेली ही एकमेव तांत्रिक बाजू. उसाची गाडी काट्यावर दोनदा चढते. एकदा भरलेली, आणि ऊस गव्हाणीत टाकून झाला की एकदा रिकामी. वजाबाकी म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. भरलं वजन प्रोग्राम आपल्या पोटात ठेवी आणि रिकामी गाडी आली की पावती छापी. तो प्रोग्राम लिहिणारा गृहस्थ मूळ कोडसकट मस्कतला गेला होता.

अठ्ठ्याण्णवच्या हंगामात ऑफिस सुपरिंटेंडेंट मानसिंगराव यांनी नवा प्रिंटर आणवला. पावतीवर कारखान्याचे नाव ठसठशीत यावे एवढीच त्यांची इच्छा होती. दुपारी पाळी बदलते तेव्हा काटा थोडा वेळ थांबतो. ती फट साधून बुद्धघोष प्रिंटरचे पॅकेज बसवायला बसला. मानसिंगराव मागे उभे राहिले.

पॅकेज बसेना. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्राम आपले सगळे सामान स्वतः आणत नाही. बरेचसे सामाईक असते, भावाभावांच्या विहिरीवरच्या मोटरीसारखे. त्या सामाईक सामानाला लायब्ररी म्हणतात. प्रिंटरला लायब्ररी नवी हवी होती. नवी घालायला गेले तर पॅकेजांचा कारभार पाहणारा प्रोग्राम म्हणे, काट्याचे काम जुनीवर चालते, ती काढता येणार नाही.

“अडलं कशानं?”

“साहेब, ते नको म्हणतंय.”

“कोण?”

“मशीन. एकाला नवं द्यायचं तर दुसऱ्याचं जुनं जातंय.”

“अहो मखरे, यार्डात संचालकाची चिठ्ठी आली की नंबर सोडून गाडी आत जाते का नाही? तशी काहीतरी सोय यातही असणारच. माणसांनीच केलंय ना?”

सोय होती. ‘फोर्स’ असा शब्द टाकला की मशीन वाद घालत नसे. चिठ्ठीवाल्या गाड्या बुद्धघोष परत रांगेत पाठवी. तिसऱ्या हंगामातही तो हंगामी राहिला याचे हे एक कारण मानले जाई. कायम करायच्या नावांची बैठक त्याच आठवड्यात होती. हे मानसिंगरावांनी बोलून दाखवले नाही. ते नुसते मागे उभे होते.

बुद्धघोषने शब्द टाकला. मशीनने निमूटपणे जुनी लायब्ररी काढून नवी घातली. प्रिंटरने कारखान्याचे नाव ठसठशीत छापले. मानसिंगराव प्रसन्न होऊन चहाला गेले.

भोंगा झाला. पहिली रिकामी गाडी काट्यावर चढली, आणि काट्याचा प्रोग्राम उघडेना. जुनी लायब्ररी सापडत नाही, एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगे. बाहेर रिकाम्या गाड्यांची रांग लागली होती. त्यांचा ऊस गव्हाणीत जाऊन त्याचा रस निघाला होता, आणि भरलं वजन प्रोग्रामच्या पोटात होतं.

पहिल्या गाडीची मालकीण प्रयागबाई खिडकीशी आली.

“माझा ऊस आत गेला न्हवं?”

“गेला, मावशी.”

“मग वजन कुठं हाय?”

“मशीनमध्ये आहे.”

“मग काढ की भाईर.”

“निघत नाही.”

“ऊस गिळाया बरं येतं त्येला,” प्रयागबाई म्हणाली. गाडीवान गेणू मागून ओरडला, “मावशी, बैलं खोळंबल्याती! आता बैलांचंच वजन लावा म्हणावं!” रांगेत हशा झाला. बुद्धघोषला हसू आले नाही. वीज गेली तर पोटातले आकडे राहतील का, हे त्याला माहीत नव्हते, आणि दुपारी वीज जातेच.

त्याने बारामतीला फोन लावला. तिथे दिग्विजय नावाचा मित्र कॉम्प्युटर क्लास चालवी. जुनी लायब्ररी असलेली सीडी त्याच्याकडे होती.

“अपग्रेड कशाला केलंस?” दिग्विजय म्हणाला. “अपग्रेड म्हणजे जुनं काढून नवं. दोन्ही शेजारी शेजारी बसवायची होतीस.”

“मग ते आपणहून दोन्ही का ठेवत नाही?”

“ठेवलं तर डिस्क भरते, आणि कोण कुठलं वापरतंय ते कुणालाच कळत नाही. एकच ठेवलं तर घर स्वच्छ राहतं, पण कुणाचं तरी अडतं. यातलं काय सोसायचं ते बनवणाऱ्यांनी ठरवलंय.”

“कुणाला विचारून?”

“काट्यावाल्यांना नाही, एवढं नक्की. सीडी इंदापूरच्या एसटीत ड्रायव्हरकडे देतो. फाट्यावर माणूस उभा कर.”

काटा कारकून रामहरी सायकलवर फाट्याला गेला. बुद्धघोष पडद्याकडे बघत बसला. दिवा एकदा मिणमिणला तेव्हा तो उभा राहिला आणि पुन्हा बसला. “भवानीनगर सोडलं का ओ एसटीनं?” असे रांगेतून कुणीतरी दर थोड्या वेळाने विचारी, जणू बुद्धघोषला खुर्चीतून रस्ता दिसत होता. प्रयागबाई खिडकी सोडीना.

“तू नवा हायस का रं हितं?”

“तिसरा हंगाम आहे.”

“मग कायम झाला आसशील.”



सीडी आली. जुनी लायब्ररी नवीच्या शेजारी बसायला तयार झाली, पण एक-दोन फायली दोघींच्या सामाईक निघाल्या आणि मशीन पुन्हा अडले. तोच शब्द पुन्हा टाकायचा होता. या खेपेला मागे कुणी उभे नव्हते. बोट बटणावर ठेवून तो इतका वेळ थांबला की रामहरी म्हणाला, “टाक की गड्या, आता काय जायचं राह्यलंय?”

त्याने टाकला. काट्याचा प्रोग्राम उघडला. आकडे होते तसे होते. प्रयागबाईची पावती निघाली. तिने ती उलटी-सुलटी करून पाहिली आणि रामहरीकडून तोच आकडा पावतीवर पेनानं लिहून घेतला.

बैठकीपुढे गेलेल्या टिपणात नोंद अशी: वजनकाटा विभागातील संगणकप्रणालीचे अद्ययावतीकरण यशस्वीरीत्या पूर्ण, कामकाजात खंड नाही, संबंधित कर्मचाऱ्यास कायम करण्यास हरकत नसावी. मंडळाने हरकत घेतली नाही. कायम झालेल्या बुद्धघोषने त्यानंतर त्या संगणकावरून एकही गोष्ट काढली नाही, जे लागेल ते शेजारी बसवत गेला.

मार्चमध्ये डिस्क भरली. हंगाम एप्रिलपर्यंत होता.