राखेविरुद्धचा अर्ज

त्या मंगळवारी मी बैठकीला गेलो, तो कोणाचं भलं करायला नव्हे. माझ्या खिशात एक अर्ज होता: शेजारची राइस मिल बंद करावी, असा. त्यावर मला दहा सह्या हव्या होत्या. मंगळवारी हथखोजच्या आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात वीज बंद, म्हणून सगळ्यांना सुट्टी. एरवी दहा कारखानदार एका जागी सापडणं कठीणच.

आमचा भाग मध्य प्रदेशात होता तेव्हाचे दिवस. वडील सरकारी पोलादाच्या प्लांटमध्ये क्लार्क, आणि मी त्यांच्या मते डोकं फिरलेला मुलगा, चालून आलेली नोकरी सोडून ओतशाळा काढणारा. ओतशाळा कसली, एक भट्टी, एक पत्र्याची शेड आणि सहा माणसं. गटारांची झाकणं ओतायचो. वितळलेलं बीड लांब दांड्यांच्या लेडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, घ्यायचं आणि दोघांनी ते उचलून एकेका साच्यात ओतत जायचं. दुखणं एवढंच, की शेवटच्या साच्यांपर्यंत पोचेस्तोवर बीड थंड व्हायचं आणि झाकणं अर्धवट निघायची. आमच्या एकुलत्या एक गिऱ्हाइकाने निर्वाणीचं सांगितलं होतं, पुढचा माल असाच आला तर दुसरीकडून घेऊ. म्हणजे शेडला कुलूप.

या सगळ्याचा राग मी राइस मिलवर काढायचो. ते लोक बॉयलरमध्ये धानाचं तूस जाळत आणि राख मागच्या अंगणात टाकत. वारा सुटला की ती काळी राख माझ्या साच्यांवर, माझ्या डब्यातल्या पोळीवर. मिलवाला गोंदियाकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. दोन वर्षं आम्ही कुंपणावरून भांडत होतो. खरं तर भांडायचो मी, तो नुसता ऐकून घ्यायचा. त्याचा मला जास्तच संताप यायचा.

बैठका नुकत्याच सुरू झाल्या होत्या. प्रदूषणाच्या नोटिसा यायला लागल्यावर आम्ही छोट्या लोकांनी ठरवलं होतं, चहावाल्याच्या शेडमध्ये बसून काहीतरी डोकं चालवू. पहिल्या दिवशी प्रत्येकाने काय करावं? आपला सर्वांत चकचकीत माल आणून टेबलावर मांडला! मीही एक झाकण तेल लावून पुसून नेलं होतं. आमच्यात एकच बाई होती, खुर्सीपार वस्तीत चिंध्यांपासून कामगारांचे हातमोजे शिवून घेणारी. ती हसतच सुटली.

"दादा, माल कावून दाखवून राहिले? आमाले काय सोयरीक जुळवाची हाय? जे फेकता ते आणा ना!"

तेव्हापासून रीतच पडली. दर मंगळवारी प्रत्येकाने आपला कचरा डब्यात भरून आणायचा, आणि बाकीच्यांनी त्यात हात घालून सांगायचं, यातलं मला काय लागेल. आरामशीनवाल्याचा भुसा अशाच एका मंगळवारी वीटभट्टीकडे गेला.

त्या दिवशी मिलवाला पहिल्यांदाच आला. हातात तुपाचा रिकामा डबा, त्यात तीच राख. मी मनात म्हटलं, बरं झालं, पुरावा आपल्या पायांनी चालत आला.

हातमोजेवाल्या बाईंनी डब्यात बोटं घातली. "आमच्या गावाकडं हे लई कामाची," त्या म्हणाल्या. "निखारा याच्यात पुरून ठेवला का सकाळपावतर जित्ता राह्यते." कोणी मान डोलावली, कोणी नाही. तेव्हा त्यांनी चहावाल्याच्या शेगडीतला एक निखारा चिमट्याने उचलला आणि डब्यात पुरला. बैठक संपायच्या वेळी वरची राख बाजूला केली, तर आत निखारा लाल.

मला माझं लेडल दिसलं. बिडावर वरून या राखेचा थर टाकला तर?

पण मागू कोणत्या तोंडाने? बाकीचे उठले तरी मी बसूनच राहिलो. मिलवाला डबा उचलू लागला तेव्हा मी तो अर्ज काढून त्याच्यापुढे ठेवला. का, ते आजही नीट सांगता येत नाही. लाज वाटली, एवढं खरं.

त्याने तो सावकाश वाचला. मग खिशातून पेन काढलं आणि पहिल्या ओळीवर सही केली.

"हे काय करून राहिले तुम्ही?" मी ओरडलोच.

"खोटं काय लिवलं तुमी? राख तं उडतेच," तो म्हणाला. "आन् कवाचे या डब्याकडं पाहून राहिले तुमी. आता मले सांगा, किती पोते धाडू?"

दुसऱ्या दिवशी आम्ही राख भट्टीजवळ खडखडीत वाळवली आणि लेडलमधल्या बिडावर तिचा थर पसरला. शेवटच्या साच्यातलं झाकण गोल, पूर्ण निघालं. मी ते गरम असतानाच कुंपणाशी ओढत नेलं आणि मिलवाल्याला हाक मारली. महिनाभरात त्याने राखेवर पत्र्याचं छप्पर घातलं. माझी ओतशाळा पुढे कितीतरी वर्षं चालली. त्याचे आणि हातमोजेवाल्या बाईंचे उपकार मी मानतो, आणि मोठ्याने मानतो.

अर्ज अजून माझ्यापाशी आहे. त्यावर एकच सही आहे, त्याची. सगळ्यांच्या झाल्यावर शेवटी करू म्हणून माझी मी केलीच नव्हती.