सारजानं न घेतलेलं नाव

सारजा गेल्याची बातमी कापसाच्या गाडीवाल्यानं आणली. अकोल्याच्या कचेरीसमोर लिंबाखाली चटई टाकून मी लोकांचे अर्ज आणि दस्त लिहितो. अमरावतीकडचे गाडीवाले तिथेच बैल सोडतात. त्यांच्यातल्या एकानं पाणी पिऊन तोंड पुसलं आणि म्हणाला, "भाऊ, मिशनच्या आवारातली तुमची सारजाबाई गेली. महिनाभर तापानं पडून होती. परवा माती झाली." समोर एक म्हातारा अर्ज लिहून घ्यायला बसला होता. त्याचा अर्ज मी पुरा केला. अक्षरसुद्धा बिघडलं नाही, आणि याचाच राग मला नंतर आला... पाच आठवडे झाले. आता रागावायचंही त्राण नाही. तरी चार शब्द छापायला देतो आहे, कारण तिच्याबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही.

आमचं गाव बाळापूरजवळ. माझे वडील गावचे जोशी, सारजा समोरच्या कुणब्याच्या घरची. मला सख्खी बहीण नाही, म्हणून भाऊबीजेला ती ओवाळायची आणि ओवाळणी कमी वाटली तर ताट मागे ओढून घ्यायची. एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणणार नाही, असं तिची आईच सांगायची. लग्न जवळच्याच गावात झालं. घर खाऊनपिऊन सुखी, काळीभोर जमीन. पण पहिली दोन लेकरं महिन्याच्या आत गेली. दुसऱ्या वेळी मी भेटायला गेलो तर ती भाकरी थापत होती. "बसा भाऊ," म्हणाली, आणि थापतच राहिली.

तिसऱ्या खेपेला मुलगा झाला तेव्हा सासूनं मनाशी ठरवूनच ठेवलं होतं. आमच्याकडे लेकरं जगत नसली की नव्या जिवाला जन्मताच उकिरड्यावर नेऊन ठेवतात, टाकून दिल्यासारखं. दुसरीच एखादी बाई त्याला उचलते आणि घरचे पसाभर ज्वारी देऊन तिच्याकडून त्याला विकत घेतात. नाव ठेवायचं उकंडा. उकिरड्यावरचं पोर न्यायला मरण कशाला वाकेल, असा हिशेब. सासूनं सारजाला बजावलं होतं, "सात वर्षं याले चांगल्या नावानं हाक मारू नको. कोन आयकून राहिलं, सांगता येत नाई." ही म्हातारी त्याच साली वारली, म्हणजे अट मोडायची मुभा देणारंही कोणी उरलं नाही.

ते कापसाच्या तेजीचे दिवस. सातासमुद्रापलीकडे कुठे तरी लढाई पेटली होती आणि तिच्या पायी आमच्याकडे गाद्यांतला कापूससुद्धा लोक उसवून विकत होते. सारजाचा नवरा अमरावतीच्या कापूसबाजारात कामाला लागला. तिथे तो आजारी पडला, मिशनच्या लोकांनी त्याला मरणाच्या दारातून ओढून आणलं, आणि उठल्यावर त्यानं बायकोमुलासकट बाप्तिस्मा घेतला. सारजाचं म्हणणं एवढंच, "नवरा तिथं मी. देवाचं त्याचं तो पाहीन." पाद्रीसाहेबांनी पोराचं नाव विचारलं तेव्हा नवऱ्याला उकिरड्याची गोष्ट सांगायची लाज वाटली. "अजून ठेवलं नाही," असं तो बोलून गेला. चर्चच्या वहीत योहान असं नाव चढलं. घरी आल्यावर सारजानं पोराला उचललं आणि म्हणाली, "चाल उकंडा." नवऱ्यानं पुष्कळ समजावलं, पण ते नाव तिनं एकदाही तोंडातून काढलं नाही.

सासऱ्यानं मुलाचं तोंड पाहायचं सोडलं, पण नातवाचा लोभ सुटेना. नदीकाठचं वावर नातवाला बक्षीस लिहून द्यायला तो माझ्याकडेच आला. मी विचारलं, "पाटील, पाद्र्याकडं दुसरं नाव आहे. तेही घालू का?" म्हाताऱ्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "त्या नावाचं माह्या घरात कोनी नाई," म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मला पुढे रेटवेना, आणि मी नुसतं उकंडा लिहिलं. आयुष्यात शेकडो कागद लिहिले, पण दया येऊन चुकीचा लिहिला तो हाच.

दीड वर्षात सासराही गेला आणि नवराही. दिरानं लगेच कचेरीत अर्ज टाकला, की भावाचा एकच मुलगा, त्याचं नाव चर्चच्या वहीप्रमाणे योहान. उकंडा नावाचा कोणी नाही, सबब बक्षीसपत्र खोटं. पाद्रीसाहेब वही घेऊन अमरावतीहून आले. भला माणूस, वहीत होतं तेवढंच बोलले. मग कचेरीतल्या साहेबानं सारजाला विचारलं, "वहीतला योहान तो हाच मुलगा का? तोंडानं नाव घेऊन सांग." तीन वर्षांचं पोर तिच्या कडेवर झोपलं होतं. एक शब्द, आणि वावर त्याचं... सारजानं पदर नीट केला. "याचं नाव उकंडा हाय. दुसरं नाव मी घेत नसतो."

साहेबानं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तिनं पोराला नुसतं दुसऱ्या कडेवर घेतलं. हा कागद मी लिहिला, याच पोरासाठी लिहिला, असं उठून सांगणं माझ्या हातात होतं. पण तेजीत दिराचं वजन वाढलं होतं, आणि बाटलेल्यांची बाजू घेतो म्हणून कोणी माझी चटई उचलायला लावली असती. मी उठलो नाही. वावर दिराकडे गेलं.

कचेरीबाहेर मीच तिच्यावर ओरडलो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. "एक शब्द बोलली असतीस तर वावर पोराचं झालं असतं."

"झालं असतं, भाऊ," ती म्हणाली. "पन वावर वाह्याले तो असाले पायजे ना."

नंतर ती अमरावतीला मिशनच्या आवारात राहिली, हातचरकीवर सरकी काढून पोट भरत. मी दोनतीनदा गेलो असेन. दस्तात एकच नाव का लिहिलं, हे तिनं मला कधी विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं. आता ती लढाई संपली, तेजी उतरली, आणि दीर ते वावर विकायला निघाला आहे असं ऐकतो.

गेल्या आठवड्यात अमरावतीला गेलो. दुपारची वेळ होती. सारजाच्या खोलीत आता दुसरं कोणी राहतं. शेजारच्या मरियाबाईनं तिचं सगळं केलं होतं. पोरगाही तिच्याकडेच आहे. ती म्हणाली, "शेवटच्या दिवसांत पोट्ट्याले समोर बसवे आन् दिवसभर योहान, योहान हाक मारे. तो हासे, ओ देत नव्हता. एक डाव त मारलंही त्याले. ओ देल्ला तवाच निजली."

मला ते खरं वाटेना. सात वर्षं पुरी व्हायला अजून वर्ष होतं. जे नाव घ्यायला नको म्हणून तिनं वावर सोडलं, ते तापात कसं घेतलं? भ्रम झाला असेल, किंवा थकली असेल बिचारी, असं मी मनाशी म्हटलं. माणूस थकतो.

पोरगा विहिरीकडून येत होता. मी हाक मारली, "उकंडा."

तो जागीच थांबला. माझ्याकडे पाठ फिरवून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी त्यानं तोंड दाबून धरलं. मी आणखी एकदा हाक मारली. तो हलेना. शेवटी मीच जवळ गेलो, खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्यानं वळून माझं तोंड नीट पाहिलं आणि हात काढले.

"तुमी होय," म्हणाला. "आई म्हने, मी मेल्यावर उकंडा म्हनून हाक आली त ओ देऊ नको. ते मीच असन. तुले न्याले आली असन."