मावशीचा स्नेअर आणि काकांची चिकटपट्टी

माझी मावशी ड्रम वाजवते. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "छंद म्हणून का?" छंद नाही, तिचं पोट त्यावर आहे. हॉटेलात, कंपनीच्या समारंभात, कुणाच्या वाढदिवसाला, जिथे बोलावतील तिथे आमचा बँड जातो. मी कीबोर्ड वाजवते, गायक गातो, बेस गिटारवाला कोपऱ्यात उभा राहून मान हलवतो. आणि प्रेक्षकांच्या मागे, साउंडच्या टेबलापाशी काका बसतात. काका म्हणजे मावशीचे यजमान.

"तुमचा ड्रम फार वाजतोय," हे काकांचं मावशीशी पहिलं वाक्य. "ड्रम आहे, वाजणारच," हे तिचं उत्तर. पुढे लग्न झालं, संसार झाला, पण विषय काही बदलला नाही.

मावशी ड्रमना तळहाताच्या फोडासारखं जपते. कातडं बदलायचं असलं की स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं करते. कातडं म्हणायचं, असतं प्लास्टिकचंच. चावीने एक स्क्रू थोडा आवळायचा, मग त्याच्या समोरचा, मग कडेला टिचकी मारून कान लावायचा. फ्रिजची घरघर नडते म्हणून फ्रिज बंद करते आणि चालू करायला विसरते. त्या घरात दूध नासलं की समजावं, ड्रम सुरात लागला.

तिचं म्हणणं, ड्रम जितका मोकळा ठेवाल तितका तो बोलतो. काकांचं म्हणणं, बोलू दे, पण मध्ये मध्ये बोलू नये. म्हणून ते हळूच येऊन कातड्यावर चिकटपट्टी लावतात. मावशी ती उपटून त्यांच्या टेबलाच्या कडेला चिकटवते. ती कडा मुळात कुठल्या रंगाची होती, हे आता कुणालाच आठवत नाही.

एकदा मोठ्या बेस ड्रमचा घुमारा दाबायला काकांनी त्यात उशी कोंबली. ती मावशीची निघाली. मावशीने लगेच काकांचीही कोंबली. आठवडाभर दोघं चादरीच्या घडीवर डोकं टेकून झोपले. माघार कुणीच घेतली नाही. ड्रम मात्र धान्याच्या पोत्यासारखा वाजत होता.

तर झालं असं, की एका कंपनीचे मोठे साहेब निवृत्त होत होते आणि त्यांच्या निरोपाला आम्हाला बोलावलं होतं. हॉल नवा, तीन बाजूंनी काच, छत इतकं खाली की गायकाने हात वर केला तर तो दिव्याला लागेल. सकाळी मावशीने स्नेअरवर एक टोला दिला आणि तो काचांना आपटून चारदा परत आला. स्नेअर म्हणजे गुडघ्यांच्या मध्ये ठेवतात तो छोटा ड्रम. त्याच्या खालच्या कातड्याला बारीक तारांची पट्टी लागून असते, तिच्यामुळे तो कडक वाजतो. मावशी चावी घेऊन बसली. थोडा आवळला, थोडा सोडला, परत आवळला. दुपार होत आली.

काकांचा संयम सुटला. "आता कार्यक्रम संपेपर्यंत एकही स्क्रू हलवायचा नाही. मी टेबलावरून बघून घेतो."

"ठीक आहे, साउंडवाले," मावशी म्हणाली. रागावली की ती काकांना 'अहो' म्हणत नाही, साउंडवाले म्हणते.

गाण्यांच्या आधी साहेबांचं भाषण होतं. साहेबांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल. तो मावशीच्या शेजारच्या स्पीकरमधून नेमका स्नेअरवर पडत होता आणि स्नेअरच्या तारा थरथरत होत्या.

"ही कंपनी मी माझं घर मानली," साहेब म्हणाले.

'खर्रर्र,' स्नेअर म्हणाला.

"तुम्ही सगळे माझ्या मुलांसारखे."

'खर्रर्र.'

मागच्या रांगेत कुणीतरी खोकल्यासारखं केलं. माईकच बिघडला समजून काकांनी धावत जाऊन तो बदलला, मग वायर बदलली, मग दुसरा माईक आणला.

"मी कुणावर कधी आवाज चढवला नाही," साहेब म्हणाले, आणि त्यावर स्नेअरने इतकी लांब खरखर केली की अख्खा हॉल हसला. साहेबांनी चमकून पाहिलं. मग तेही जरा हसले, आणि कागद खिशात ठेवून मनानेच बोलायला लागले. ते बोलत गेले, स्नेअर उत्तरं देत गेला. शेवटी लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आपण इतके विनोदी आहोत हे आधी कळायला हवं होतं, असं साहेब आपल्या बायकोला सांगताना मी ऐकलं.

परतीच्या गाडीत काका वायरी गुंडाळत बसले होते. मग म्हणाले, "ती खरखर तुझ्या स्नेअरची होती."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच वाक्याला कळलं."

"त्याला बाजूला खटका असतो. तो पाडला की तारा सुटतात. का नाही पाडलास?"

"एकही स्क्रू हलवायचा नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

"खटका म्हणजे स्क्रू नव्हे."

"ते मला काय माहीत, साउंडवाले. मी साधी ड्रमर."

पुढच्या हॉलमध्ये काका चिकटपट्टी न घेताच स्टेजवर आले. "ऊठ," म्हणाले. "तू माझ्या जागेवर जाऊन ऐक. मी वाजवतो."

काका वाजवतात म्हणजे गाद्या झोडपतात. तरी मावशी टेबलापाशी गेली. गायकाला गायला लावलं आणि ती हाताची घडी घालून ऐकत राहिली. एवढ्या मायेने लावलेला तिचा मधला, मध्यम आकाराचा ड्रम तिथे बादलीसारखा घुमत होता आणि गायकाचे शब्द त्या बादलीत बुडत होते. तिचा चेहरा उतरला. इकडे काका वाजवता वाजवता थांबले.

"इथे बेस गिटार ऐकूच येत नाही," ते म्हणाले.

"मला तरी कुठे येते? मी त्याची मान बघून वाजवते."

काकांनी जाऊन तिच्या शेजारच्या स्पीकरमध्ये बेस गिटार वाढवली. मावशीने मधल्या ड्रमचा सूर जरा वर चढवला, टिचकी मारून ऐकला आणि हात पुढे केला. "अहो, पट्टी द्या. छोटी."

त्या संध्याकाळी आम्ही फार सुरेख वाजवलं. ड्रम ठाशीव, बेस गिटार मोकळी आणि गाण्याचा शब्द न शब्द शेवटच्या खुर्चीपर्यंत स्पष्ट. तेव्हाच सगळ्यांना कळलं, की आमचा गायक दुसऱ्या कडव्यात इतकी वर्षं नुसतं लाला करत होता. आता तो घरी कडवी पाठ करतो, आणि काका-मावशींशी बोलत नाही.